डब्यातल्या आठ पाकिटांचं काय करायचं?

पुण्यात नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांचे वडील ६८ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, आता आईसोबत कराडजवळच्या गावी राहतात. सहा वर्षांपूर्वी बीपी निघालं. सुरुवातीला एक गोळी होती, पण दवाखान्यात दर खेपेला बीपी जास्तच भरत गेलं आणि डॉक्टरांनी एकाच्या तीन केल्या. या दिवाळीला घर आवरताना देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, एका स्टीलच्या डब्यात, न फोडलेली आठ पाकिटं सापडली. बाबांचं म्हणणं, 'डोकं जड झालं की घेतो की. उगं रोज विष कशाला पोटात घालायचं?' त्यांच्या चुलत्यांना बीपीच्या गोळ्या चालू झाल्या आणि पुढे किडनी गेली, हे ते विसरलेले नाहीत. प्रवासाच्या दिवशी गोळीला हात लावत नाहीत. आषाढी वारीत एकही घेत नाहीत आणि 'ठणठणीत परत येतो' म्हणतात. दिंडीतल्या कुणीतरी दिलेलं सर्पगंधेचं चूर्ण मात्र नेमाने घेतात. आईला हे सगळं आधीपासून माहीत होतं. धाकटा भाऊ म्हणतो, सकाळच्या चहात गोळ्या कुटून घालू, त्यांना कळणारही नाही. वाचक विचारतात: असं करणं चूक आहे का? आणि ज्या माणसाला कळतच नाही, त्याला समजवायचं तरी कसं?

*

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्याचा गाभाच दिलाय. दुसऱ्यांदा वाचताना मी जरा आगाऊपणा केला. 'सांगितलं' हा शब्द त्यात किती वेळा आलाय ते मोजलं. अकरा वेळा. तुम्ही सांगितलं, भावाने सांगितलं, डॉक्टरांनी बजावून सांगितलं, व्हिडिओ पाठवून सांगितलं. 'विचारलं' मात्र एकदाच: 'एवढ्या गोळ्या लपवल्या कशाला, असं मी विचारलं.' ताई, त्याला विचारणं नाही, झापणं म्हणतात.

रागावू नका. मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिलेय आणि सांगण्यात माझाही हात कुणी धरला नसता. चिठ्ठीवर तीस गोळ्या असायच्या आणि गिऱ्हाईक म्हणायचं, 'सध्या दहाच द्या.' मी रोज घेण्याचं महत्त्व पटवायला लागायची. समोरचा मान डोलवायचा आणि दहाच घेऊन जायचा. त्या दहा दीड महिना पुरायच्या. काही जण तर डॉक्टरची तारीख जवळ आली की दोन दिवस आधी उगवायचे, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडावं तसे. यांना काही कळत नाही, असं मला वाटायचं. त्यांना बरंच काही कळत होतं. ते मला सांगायची त्यांना गरज वाटत नव्हती, एवढंच.

आधी चहाचं बोलू. नको. भावाला आजच फोन करून थांबवा.

फसवणूक वगैरे आहेच, पण त्याआधी एक साधा धोका आहे आणि तो तुमच्याच पत्रात आहे. डॉक्टरांनी एकाच्या तीन गोळ्या का केल्या? बीपी उतरेना म्हणून. बीपी का उतरेना? गोळी पोटात जात नव्हती म्हणून. म्हणजे आज चिठ्ठीवर जो डोस आहे तो न घेतलेल्या गोळ्यांवर बेतलेला आहे. बाबांना खरोखर किती औषध लागतं, हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही. उद्यापासून तिन्ही गोळ्या रोज चहातून जायला लागल्या तर बीपी गरजेपेक्षा खूप खाली येऊ शकतं. पहाटे अंथरुणातून उठताना घेरी, न्हाणीत तोल जाणं, खुब्याचं हाड. त्यात एखाद्या दिवशी डोकं जड वाटून त्यांनी स्वतःहून आणखी एक घेतली आणि वर चूर्ण आहेच, मग कशाचा कशाला पत्ता लागायचा नाही. बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेलं तर 'काय काय घेतलंय' या प्रश्नाला ते स्वतः उत्तर देऊ शकणार नाहीत, आणि ज्याला देता येईल तो भाऊ बहुधा तिथे नसेल.

शिवाय काही गोळ्या कुटायच्या नसतातच. औषध दिवसभर थोडं थोडं सुटावं अशी त्यांची बांधणी असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. नावापुढे एक्सएल, एसआर, ईआर किंवा रिटार्ड असं काही असलं तर ती गोळी त्या जातीची.

आणि मला आणखी एक विचारायचंय. तो चहा करतं कोण? पुण्यात बसून तुम्ही नाही, भाऊ नाही. आई करते. चाळीसेक वर्षं ज्या हातचा चहा त्यांनी न बघता प्यायला, त्या चहाकडे ते उद्यापासून बघून पिणार. गावाकडच्या घरात अशी गोष्ट पंधरा दिवस लपत नाही. (ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेलं माणूस आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे अन्नातून औषध द्यायची वेळ येऊ शकते, पण तेही डॉक्टरांना विचारून आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असताना. तुमचे बाबा दिंडीचा हिशेब ठेवतात, असं तुम्हीच लिहिलंय.)

आता दुसरा प्रश्न: न कळणाऱ्याला कसं समजवायचं. मला हा प्रश्नच मान्य नाही. बाबांनी जे जे म्हटलंय ते जरा त्यांच्या खुर्चीत बसून वाचू या.

'डोकं जड झालं की घेतो.' लहानपणापासून आपण हेच शिकलोय की ताप आला की गोळी, उतरला की बंद. बीपीची गोळी या रीतीत बसत नाही, कारण बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. वरचं १७० असताना माणूस भरपेट जेवून शांत झोपतो आणि १३० असताना चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे कपाळ ठणकत असतं. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीच्या फोटोत अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही तीन नावं आहेत. अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम पूर्ण दिसायला आठवडा लागतो, टेल्मिसार्टनला महिनाभर. गोळी घेतल्यावर तासाभरात त्यांचं डोकं उतरतं ते बहुधा तसंही उतरणारच होतं. पण त्यांना अनुभव आला तो 'घेतली आणि उतरलं' असा. स्वतःच्या अनुभवावर माणूस व्हिडिओपेक्षा जास्त विश्वास ठेवतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

'विष.' हा शब्द तुम्हाला अडाणीपणाचा वाटला. मला मात्र तुमच्या पत्रातल्या तिसऱ्या पानावरची एक ओळ आठवली, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय: बाबांनी वर्षभरात दोनदा चप्पल बदलून आणली, 'पट्टा रुततो' म्हणून. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्याला सूज येते, संध्याकाळी जास्त. हा त्या गोळीचा सगळ्यांत परिचित त्रास आहे. आता त्यांच्या जागी जाऊन बघा. चुलत्यांची किडनी गेली तेव्हा त्यांचे पाय सुजले होते का? बहुतेक सुजलेच असणार, आणि ते बाबांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. मग स्वतःला गोळ्या चालू झाल्या आणि स्वतःचेही पाय सुजायला लागले. याच्यातून त्या माणसाने दुसरा काय निष्कर्ष काढायचा होता?

हा माझा अंदाज आहे, खरा निघेलच असं नाही. म्हणून तर विचारायचं. 'बाबा, गोळी घेतल्यावर अंगात काय काय होतं?' एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. तुम्हाला गप्प बसणं जड जाईल. सूज निघालीच तर ती डॉक्टरांना दाखवायची, कारण पाय हृदयामुळे किंवा किडनीमुळेही सुजतात. गोळीमुळे असेल तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मुकाट्याने सोसायची काही गरज नाही.

किडनीची बाजूही नीट सांगायला हवी, कारण ही समजूत मी शेकडो तोंडांतून ऐकलीय. किडनी म्हणजे बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की ते जाळं झिजतं. आणि किडनी बिघडली की बीपी आणखी चढतं. बीपी कळतं तेव्हा कितीदा हे दोन्ही आधीच सुरू झालेलं असतं. गोळी सगळ्यांत शेवटी आली, म्हणून आळ तिच्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण संन्यासी अगदीच निर्दोष आहे असंही म्हणू नका, बाबांना अर्धसत्य लगेच ओळखू येईल. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम वाढू शकतं, क्लोरथॅलिडोनने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं. म्हणून अशा गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी आणि पुढे अधूनमधून रक्त तपासायचं असतं. बाबांचं शेवटचं कधी तपासलं? तुमच्या चार पानांत ते नाही.

आणि आणखी एका चोराचं नाव घेते. एकतीस वर्षं स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाची कंबर आणि गुडघे काय म्हणतात? दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतात का? या गोळ्या बीपी चढवतात, बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात, आणि टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन (ही लघवी वाढवणारी गोळी) यांच्या जोडीला आल्या की किडनीवर तिहेरी भार टाकतात. बीपीची गोळी 'विष' म्हणून डब्यात ठेवून दुखण्याची गोळी शेंगदाण्यासारखी खाणारी माणसं मी रोज पाहिलीत. आणि खरं सांगायचं तर, ती गोळी त्यांना चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांत मीही होते.

प्रवासाच्या दिवशी गोळी नाही, वारीत गोळी नाही. हे तर सरळच आहे. क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी. ज्या माणसाने आयुष्यभर दोन स्टँडांच्या मधे लघवी दाबून गाडी चालवली, त्याला भरल्या एसटीत किंवा हजारोंच्या दिंडीत ती गोळी नकोशी वाटणारच. हे तो मुलीला सांगणार नाही, तरण्या डॉक्टरपुढे तर नाहीच नाही. तुम्ही थेट विचारूही नका. भावाला विचारू द्या, किंवा 'वारीत कोणती गोळी गैरसोयीची होते' असं आडून विचारा. 'वारीत ठणठणीत असतो' हे त्यांचं निरीक्षणसुद्धा वाऱ्यावर सोडू नका. लोणंदहून पुढे रोज दहा-वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं बीपी खरंच थोडं उतरू शकतं. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडतं, अशा वेळी लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आणि क्षार फाजील उतरू शकतात. म्हणजे वारीपुरता डोस बदलायचा का, हा एक चांगला, डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न बाबांनी स्वतः शोधून काढलाय. फक्त उत्तरही स्वतःच देऊन टाकलंय.

चूर्णाबद्दल हसू नका, कारण इथे बाबा ज्या झाडाखाली बसलेत ते झाड खरं आहे. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३०० आणि १९० भरलं होतं. एवढ्या बलाढ्य माणसालाही देण्यासारखी गोळी तेव्हा नव्हती. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे आपल्या रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, डॉ. वकिलांना १९५७ चा लास्कर हा अमेरिकेतला मानाचा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. हे बाबांना सांगा, खूश होतील. मग पुढचंही सांगा: त्या औषधाने नाक चोंदतं, सुस्ती येते, मन खिन्न होतं अशा तक्रारी आल्या, आणि त्याहून बऱ्या गोळ्या निघाल्यावर ते मागे पडलं. वकिलांनी ठरलेला डोस दिला होता आणि बीपी मोजून पाहिलं होतं. दिंडीतल्या पुडीत सर्पगंधा किती आणि बाकी काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसेल. तीन गोळ्यांच्या जोडीला अशी पुडी म्हणजे चौथी, बिननावाची गोळी. पुडी फेकून मात्र देऊ नका. ती डॉक्टरांकडे न्यायची आहे. घरात खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा चालू असला तर तोही सांगा. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर बीपी चढतं.

तर मग करायचं काय?

बीपीचं मशीन आणा. मनगटावरचं नको, दंडावर पट्टा बांधायचं. आणि ते बाबांच्या हातात द्या. तुम्ही रोज फोन करून आकडा विचारायचा नाही. एसटीत त्यांनी जन्मभर लॉगशीट भरलीय, त्यांना वही द्या. सकाळी चहाच्या आधी, गोळीच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात छातीच्या उंचीवर टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेघ मानतात, घरी १३५/८५. त्याच वहीत एक रकाना जास्तीचा: 'डोकं कसं आहे?' जड किंवा हलकं, एक शब्द. जड असलेल्या दिवशीचा आकडा आणि हलकं असलेल्या दिवशीचा आकडा शेजारी शेजारी त्यांच्याच अक्षरात आले की तुमची अकरा 'सांगितलं' ज्याला पुरली नाहीत ते कदाचित तो कागद करेल. कदाचित नाहीही करणार. जड डोक्याच्या दिवशी खरंच आकडा वर दिसला तर तेही मान्य करा. मात्र हलक्या दिवशीचा आकडा त्यांना वाचू द्या.

टायरमधल्या हवेचं उदाहरण द्यायचा मोह तुम्हाला होईल. मलाही झाला. आवरा. ज्याने जन्म गाडीवर काढला त्याला टायर शिकवू नये. त्यांनी स्वतः ते उदाहरण दिलं तर गोष्ट वेगळी.

मग दवाखाना, शक्यतो आठवड्याभरातच. वही पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका. तोपर्यंत गोळ्या एकदम तिन्ही सुरू करायच्या नाहीत. सध्या ते जशा आणि जेवढ्या घेतायत ते डॉक्टरांना फोनवर खरं सांगा आणि त्या दिवसांत काय घ्यायचं तेही विचारा. (इतर वाचकांसाठी: तुमच्या घरी कुणाला मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडीन चालू असेल तर ती मनाने एकाएकी बंद करू नका, बीपी उसळी मारतं.) डबा सोबत न्यायचा, आठही पाकिटांसकट, आणि तो टेबलावर बाबांनीच ठेवायचा. तुम्ही ठेवलात तर ते आरोपी होतात, त्यांनी ठेवला तर तो त्यांचा जबाब होतो. बोलायचं वाक्य अगदी साधं: 'डॉक्टर, गोळ्या मी रोज घेतल्या नाहीत, कारण पाय सुजतात आणि प्रवासात अडचण होते.' डॉक्टर रागावतील का? एखादे रागावतीलही. पण चांगल्या डॉक्टरला या वाक्याने सुटल्यासारखं होतं, कारण न उतरणाऱ्या बीपीचं कोडं त्याला उलगडतं. आणि यात बाबा काही जगावेगळे नाहीत. दीर्घ आजारांत औषध नेमाने घेणारे श्रीमंत देशांतसुद्धा निम्मेच निघतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच लिहून ठेवलंय.

तिथे मागायचं ते असं. गोळ्यांची संख्या कमी होईल का. दोन औषधं एकाच गोळीत मिळतात, ती चालतील का. वेळ बदलता येईल का. सकाळीच घ्यायला हवी असा दंडक नाही: ब्रिटनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघाताच्या बाबतीत फरक दिसला नाही. लघवीची गोळी रात्री घेतली तर मात्र झोपमोड होते, म्हणून ती वेळ नीट ठरवून घ्या. बाबांचा रोजचा हरिपाठ चुकत नाही ना? गोळी त्याला बांधा. मोबाईलच्या गजरापेक्षा जुनी सवय पक्की असते. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

औषधाचा खर्च किंवा तालुक्याची खेप हा अडसर असेल तर तुमच्या जिल्ह्याचं नशीब जरा बरं आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्यात भाषणांवर भर नव्हता. मोजकी ठरलेली औषधं, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, घराजवळचं उपकेंद्र, आणि प्रत्येकाचं कार्ड. ज्याची तारीख चुकली त्याला फोन करायचा. गावच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. तिथल्या नर्सबाई बाबांना तुमच्यापेक्षा बऱ्या समजतील, कारण त्या त्यांच्या कन्या नाहीत.

आईला मात्र पहारेकरी नेमू नका. तिने लपवलं याचा तुम्हाला राग आलाय, तो कळतो. पण नवऱ्याचं गुपित आणि मुलांची काळजी यांच्या मधे ती उभी होती, आणि रोज त्याच घरात तिलाच राहायचंय. तिच्याकडे मागायचीच तर एक गोष्ट मागा, मिठाची. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, ही सगळ्या पदार्थांतली मिळून मर्यादा आहे आणि आपल्या ताटात सहज दुप्पट जातं. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ, पापड, लोणचं, खारे दाणे, सुकट, दिवाळीनंतर महिनाभर पुरणारा चिवडा. आणि सैंधव बीपीला चालतं हा गैरसमज. तेही मीठच, रंगाने गुलाबी.

एवढं सगळं करूनही बाबा म्हणाले, 'एकच घेईन, बाकीच्या नाही,' तर? माझं मत विचाराल तर ती एक घ्या. म्हणजे डॉक्टरांना तसंच सांगा की हे एकच घेणार आहेत, ती कोणती असावी ते तुम्ही ठरवा. वरचं बीपी १० ने उतरलं तरी पक्षाघाताचा धोका सुमारे पावपट कमी होतो. तीन लिहिलेल्या आणि न घेतलेल्या गोळ्यांनी काहीच उतरत नाही. आणि एकही घेणार नाही म्हणाले तर वही चालू ठेवा, दार उघडं ठेवा. शुद्धीत असलेल्या माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे; तो तुम्हाला आवडला नाही तरी आहे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, धाप लागणं: यात आकडा बघत बसायचं नाही, १०८ ला फोन. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि गावापासून ते मिळणाऱ्या रुग्णालयापर्यंतचा वेळ त्यातच धरायचा. कोणत्या रुग्णालयात जायचं ते आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. मशीनवर १८०/१२० च्या वर आकडा आला पण त्रास काहीच नाही, तर घाबरून दोन-तीन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. पाच मिनिटं बसून पुन्हा मोजायचं, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

मशीन आणाल त्या दिवशी बाबांचं झालं की तो पट्टा आईच्याही दंडाला बांधा. आणि मग तुमच्या. चाळिशी उलटलीय, वडिलांना बीपी आहे, आणि चार पानांत तुम्ही स्वतःचा आकडा कुठेच लिहिलेला नाही.